आधी आपला शेवट

धाकटा विनोदाच्या आधी हसला. फार आधी नाही, दोन-तीन वाक्यं आधी. पण ताईच्या कानांना तेवढं पुरेसं होतं. पडद्यावर, हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात, एक म्हातारा आपली कवळी मागायला आला होता. हेडक्लार्कनं नेहमीच्या सुतकी चेहऱ्यानं त्याच्यापुढे कवळ्यांनी भरलेला ट्रे ठेवला होता आणि म्हातारा अजून नुसता हात पुढे करत होता. यात हसण्यासारखं काही नव्हतं. हसू पुढे होतं. म्हातारा एकामागून एक कवळ्या तोंडात घालून बघणार, शेवटी एक मनासारखी बसणार, तो आरशात बघून झकास हसणार, आणि रांगेत मागे उभी असलेली बाई म्हणणार, "ती माझी आहे हो." हे ताईला नंतर कळलं. धाकट्याला आधीच ठाऊक होतं. त्याच्या नाकातून फुर्रकन हसू निसटलं, आणि निसटल्याबरोबर त्यानं त्याचा खोकला करून टाकला, बशीतलं बिस्किट उचललं, मान खाली घातली. मांजर डोळे मिटून दूध पितं तसा. मग खरा विनोद आला तेव्हा तो पुन्हा हसला, अगदी मापात, जरा जास्तच मापात. एरवी या जागी ताई सोफ्यावरून घसरेपर्यंत हसली असती. आज ती हसायचंच विसरली. यानं हा भाग बघितलाय. माझ्याशिवाय बघितलाय.

कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? दोन घोडमी माणसं, रविवारची दुपार, टीव्हीवरची एक विनोदी मालिका. भावानं एक भाग आधी पाहिला म्हणून काय आभाळ कोसळतं? ताईचं कोसळत होतं. धाकटा म्हणजे तिच्या पाठचा भाऊ, चाळिशी केव्हाच ओलांडलेला, उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडणारा, कानांवर पांढरे केस आलेला बाप्या. पण घरात नाव पडलं ते पडलं. त्यानं लग्न केलं नव्हतं. ताईनं केलं होतं, ते मोडलं, आणि ती या दोन खोल्यांत राहायला आली. ती आली त्या पहिल्या रविवारी धाकटा दारात उभा राहिला. काय झालं, कुणाचं चुकलं, आता पुढे काय, काही म्हणजे काही विचारलं नाही त्यानं. वकिलांची एक लांबलचक मालिका घेऊन आला होता, ती लावली आणि सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात रुतून बसला. संध्याकाळपर्यंत ताई त्या वकिलांवर इतकी चिडली होती की रडायचं राहूनच गेलं. तेव्हापासून हा रविवार कधी चुकला नाही. एकमेकांची विचारपूस दोघांनाही जमत नसे. "बरी आहेस ना?" "मला काय धाड भरलीय?" एवढ्यावर आटपायचं. बाकीचं सगळं बोलणं पडद्यावरच्या माणसांबद्दल, आणि ते मात्र भांड्याला भांडं लागेपर्यंत. ताईला जगात दुसरं फारसं कुणी नव्हतं, आणि हे तिला माहीत होतं, म्हणून ती तिकडे बघत नसे.

आणि एक नियम होता. आधी आपला शेवट, मग त्यांचा. कुठल्याही मालिकेचा शेवटून दुसरा भाग झाला की टीव्ही बंद करायचा, चहा टाकायचा, आणि दोघांनी आपापला शेवट सांगायचा. थोरलीनं आधी, धाकट्यानं मग. त्यानंतरच खरा शेवट लावायचा. ज्याचा शेवट जुळेल तो जिंकला. हे खूळ लहानपणचं. वडील बेकरीत पहाटेच्या पाळीला जायचे, त्यामुळे घरात लवकर दिवे मालवले जायचे, आणि टीव्ही होता वडिलांच्याच खोलीत. नायिका पुलाच्या कठड्याशी उभी आहे, मागून कुणीतरी येतंय, पावलं वाजताहेत, आणि वडील उठून कट्ट आवाज करून टीव्ही बंद करायचे. "उरलेलं उद्या." उद्या कसलं उरतंय! मग अंधारात, एकाच रजईची ओढाओढ करत, दोघं उरलेला भाग तयार करायची. ताईच्या गोष्टीत नायिका पुलावरून उडी मारायची आणि खाली एक नाव असायची, नावेत एक आंधळा वाजंत्री असायचा, त्याला तिच्या पायांचा आवाज ओळखू यायचा. धाकट्याच्या गोष्टीत मागून येणारा माणूस पोलीस निघायचा. दुसऱ्या दिवशी शाळेत कळायचं: पोलीसच निघाला. कायम असंच. इतक्या वर्षांत ताईचा एकही शेवट कधी जुळला नव्हता. "तुला गोष्ट कळत नाही, तुला आळशी लेखक कळतात," असं ती त्याला हिणवायची, आणि तो शांतपणे म्हणायचा, "पण जिंकलो ना." आता, म्हाताऱ्याच्या तोंडात ती परकी कवळी चमकत असताना, ताईच्या मनात भलतंच काहीतरी चमकून गेलं. हा पहिल्यापासूनच आधी बघत तर नव्हता? छे. रजईत कुठून बघणार? पण संशय एकदा आत शिरला की तो चपला काढून ऐसपैस बसतो.

खरं म्हणजे तिला राग यायला हवा होता. आला होताही, घशाशी, आंबट. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी उकळत होतं, आणि ते काय आहे हे ओळखल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. तिला मजा येत होती. कितीतरी दिवसांत, कितीतरी वर्षांत म्हणा ना, तिच्या स्वतःच्या घरात पहिल्यांदा काहीतरी घडत होतं, तेही शेवटून दुसऱ्या भागात! शेवटून दुसरा भागच खरा, हे तिचं जुनं मत. शेवटच्या भागात लेखक भितात. आवराआवर करतात, ज्याचं त्याला देऊन टाकतात, लग्नं लावतात, सगळ्यांना रडायला लावतात. विनोदी मालिकेनं तर शेवटच्या पाच मिनिटांत रडवणं म्हणजे पाहुण्यानं जाता जाता घरातला दिवा घेऊन जाणं. दोन बहिणींच्या खानावळीची ती मालिका, केवढी नाठाळ, केवढी गोड, आणि शेवटी काय? रिकामी खोली, खुर्च्या टेबलांवर उलट्या, एक बहीण दिवा मालवते आणि दारात वळून मागे बघते. ताईनं उशी फेकून मारली होती पडद्याला. रिकाम्या खोलीकडे वळून बघणारं माणूस खऱ्या आयुष्यात तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. ती स्वतः नवऱ्याचं घर सोडून निघाली तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या होत्या, दार पायानं ओढलं होतं. आणि सगळं स्वप्न होतं असं सांगून मोकळा झालेला दुसऱ्या एका मालिकेतला तो डॉक्टर! आणि 'वीस वर्षांनंतर'! ताई कवळ्या बनवते. दंतवैद्यांकडून प्लास्टरचे जबडे येतात, त्यांवर मेण चढवून ती एकेक दात बसवते, चिमटीत धरून, उजेडाकडे नेऊन, रंग जुळवून. दिवसभर तिला माणसं दिसत नाहीत, नुसती तोंडं दिसतात. 'वीस वर्षांनंतर' नायकाचे केस पांढरे होतात, पाठीला बाक येतो, हातात काठी येते, आणि दात मात्र तेच, विशीतले, ओळीनं लखलखणारे. "अरे, हिरड्या मागे सरायला नकोत का याच्या?" म्हणून ती ओरडते, आणि तिच्यापुरती ती मालिका तिथेच मरते.

पण या सगळ्या शेवटांहून तिला जास्त चीड होती ती शेवटच्या पर्वात येणाऱ्या नव्या पात्राची. लेखकाकडचं सामान संपलं की तो नवं माणूस आणतो. वर्षानुवर्षं आपण ज्यांना जीव लावला ती माणसं एका कोपऱ्यात, आणि ही कानामागून आली आणि तिखट झाली. नव्या पात्राला स्वतःचं हसणं असतं, स्वतःची एखादी सवय असते, आणि जुनी माणसं मूर्खासारखी तिच्यामागे फिरायला लागतात. ताईच्या अंगावर सरसरून काटा आला. नवं पात्र! तिनं धाकट्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, त्याच्या नखांकडे, जी गेले काही रविवार स्वच्छ कापलेली होती. लिफ्टच्या ग्रीसची काळी रेघ, जी जन्मात कधी गेली नव्हती, ती गेली होती. आणि शब्द! "कमालच आहे!" हे कुठून आलं त्याच्या तोंडात? त्यांच्या घरात कुणी "कमालच आहे" म्हणत नसे. वडील "हं" म्हणायचे, आई "बाई गं" म्हणायची, धाकटा तर काहीच म्हणायचा नाही. आणि आता दर दहा मिनिटांनी कमालच आहे. मालिकेचा लेखक मधेच बदलला की पात्रं अशीच बोलायला लागतात, ताईला ते एका भागात ओळखू येतं. म्हणजे यानं एकट्यानं नाही बघितला. कुणाबरोबर तरी बघितला. तिथे तो मोकळा हसला असणार, मागे डोकं टाकून, वरची उजवीकडची दाढ दिसेपर्यंत. आणि मग इथे येऊन, त्याच डाव्या कोपऱ्यात बसून, तोच भाग ताईसाठी पुन्हा बघत होता, न बघितल्यासारखा. तिच्या हातापायांत असं काही सळसळलं की तिला एका जागी बसवेना.

भाग संपला. पडद्यावर अक्षरं वर सरकायला लागली. नियमाप्रमाणे ताईनं टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. धाकटा मागोमाग येऊन दाराच्या चौकटीला टेकला.

"आज कवळीवर काही बोलली नाहीस?" तो म्हणाला.

"काय बोलू?"

"नाही, म्हणजे... एकाची कवळी दुसऱ्याला बसतच नाही, असं नसतंच, हे काय दाखवतात, वगैरे. मला वाटलं आता अर्धा तास ऐकावं लागणार."

"नाही बसत. साफ खोटं आहे ते," ताई म्हणाली. "साखर काढ."

त्यानं साखर काढली. डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. "ताई," तो म्हणाला, आणि ताईच्या हातातलं गाळणं तसंच थांबलं. आता. आता सांगतोय. पण तो म्हणाला, "फ्रिजचा आवाज जरा वाढलाय नाही?" शेपूट घातली लेकानं. फ्रिज नेहमीसारखाच गुरगुरत होता. ताईला हसूही आलं आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं. लहानपणी वडिलांचा रेडिओ याच्या हातून पडला तेव्हा हा आठवडाभर असाच घरभर डबे उघडत हिंडला होता, आणि शेवटी ताईनंच सांगितलं होतं वडिलांना. पण आता ती काय सांगणार, आणि कुणाला? तिला फक्त एवढं कळत होतं, की याच्या पोटात जे आहे ते नुसतं कुणाबरोबर तरी टीव्ही बघणं नव्हे. एवढ्यासाठी माणूस साखरेचा डबा पुन्हा पुन्हा उघडत नाही. हा जाणार होता. कुठे, कधी, माहीत नाही. पण दाराच्या चौकटीला टेकलेलं ते माणूस आत्ताच अर्धं बाहेर होतं.

दोघं कप घेऊन सोफ्यावर येऊन बसली. दुपारचं ऊन बंद टीव्हीच्या काचेवर आडवं पडलं होतं आणि त्यात दोघांची पुसट डोकी दिसत होती. ताईचा शेवट तयार होता. कितीतरी आठवडे ती तो घडवत होती, मेणात दात बसवता बसवता, कोरणीनं हिरडीची कड काढता काढता. इतका सुबक शेवट तिनं आजवर कुणासाठी केला नव्हता. या मालिकेवर तिचा जीवच तसा होता. हरवलेल्या वस्तूंचं ते कोंदट कार्यालय, तो हेडक्लार्क, आणि खिडकीशी बसून पावत्या फाडणारी ती बाई, जिला सगळे पावतीवाली म्हणतात. दोघांत प्रेमबीम काही नाही, लेखकानं तो मोह टाळला याबद्दल ताई त्याच्या पाया पडायला तयार होती. नुसतं शेजारी शेजारी बसणं, छत्र्यांवरून भांडणं. आणि आता हेडक्लार्कला मोठ्या कार्यालयात बढती मिळाली होती. तो जाणार की राहणार? ताईचा शेवट असा: तो बॅग उचलतो, दारापर्यंत जातो, इतक्यात टेबलावरचा फोन वाजतो. तो थांबतो. परत येतो, फोन घेतो, बॅग खाली ठेवतो, आणि बसतो. पावतीवाली मान वर न करता त्याच्याकडे पेन सरकवते. संपलं. कुणी कुठे जात नाही. अश्रू नाहीत, रिकामी खोली नाही, नवं पात्र नाही. सोमवारसारखा सोमवार. याहून सुंदर जगात काही असूच शकत नाही, असं तिला वाटायचं, आणि कवळ्यांच्या प्रयोगशाळेत एकटीच असताना तिचे डोळे भरून यायचे.

"चल, थोरलीनं आधी," धाकटा म्हणाला.

"सकाळ आहे," ताईनं सुरुवात केली. गोष्ट सांगताना तिचा आवाज जरा खाली जातो, अजूनही, जसा काही शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. "ती आधीच येऊन बसलीय. हा येतो. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. आज शेवटचा दिवस आहे हे दोघांना ठाऊक आहे, पण बोलायचं कुणी? मग दिवसभर नेहमीचंच. छत्री, चष्मा, एका बाईची मांजराची टोपली, आत मांजर नाही. आणि संध्याकाळी हा उठतो. बॅग उचलतो. दारापर्यंत जातो..."

इथे तिनं धाकट्याकडे पाहिलं. त्यानं कप दोन्ही हातांत धरला होता, पीत नव्हता. तो तिच्याकडे असा बघत होता, जसा रजईच्या आतून बघायचा, नायिकेचं पुढे काय झालं ते ताईच्याच हातात असल्यासारखा. चेहरा मात्र आता थकलेला, डोळ्यांखाली सुरकुत्या, आणि तोंड घट्ट मिटलेलं. फोन वाजवायचा होता ताईला. फोन तिच्या जिभेवर होता. एवढा वाजवला की हेडक्लार्क वळला असता, परत येऊन बसला असता, आणि धाकट्यानंही चहा पिऊन टाकला असता, पुढच्या रविवारी आला असता, त्याच्या पुढच्याही. स्वतःला ओळखून होती ती, आणि धाकट्यालाही. तिनं नुसतं सांगायचा अवकाश, हा दारातून वळणारा माणूस होता. आणि नेमकं ते कळलं म्हणून तिच्यानं फोन वाजवेना.

"दारापर्यंत जातो," ती पुन्हा म्हणाली, "आणि जातो. सरळ बाहेर. थांबत नाही, वळत नाही. दार मागे आपोआप लागतं."

"आणि ती?" धाकट्यानं विचारलं.

"ती कोण?"

"पावतीवाली."

ताईला हे ठरवायलाच वेळ मिळाला नव्हता. तिनं घाईघाईनं, तोंडाला येईल ते सांगितलं. "तिचं काय? खिडकीपुढे रांग आहे. ती म्हणते, पुढचा कोण? संपलं."

धाकट्यानं कप इतक्या झटक्यात खाली ठेवला की चहा बशीत सांडला. "हाच!" तो म्हणाला. "अगदी हाच आहे, ताई. असाच्या असा. जातो तो. बरोबर आला तुझा शेवट!"

बिंग फुटलं होतं, आणि त्यानं ते स्वतःच फोडलं होतं.

"म्हणजे तू बघितलास," ताई म्हणाली.

"हो."

"कुणाबरोबर?"

आणि मग जे इतके दिवस साखरेच्या डब्यात अडकलं होतं ते भराभर बाहेर आलं. एक बाई होती. मुलांना पोहायला शिकवायची. ज्या इमारतीची लिफ्ट तो दुरुस्त करत होता तिथे ती वरच्या मजल्यावर राहायची.

"लिफ्टमधे अडकली आणि तू सोडवलीस, असं सांगू नकोस हं मला," ताई कडाडली. "तसलं दर मालिकेत चौथ्या भागात असतं!"

"नाही गं. ती लिफ्टमधे चढतच नाही, घाबरते. रोज जिन्यानं जाताना माझ्याजवळ थांबायची आणि म्हणायची, तुम्ही कितीही दुरुस्त करा, मी काही बसणार नाही."

हे ताईला आवडलं. आवडायला नको होतं, पण आवडलं. असा संवाद तिला सुचला नसता. "मग?" ती पुढे सरकून बसली. "पुढे?" आणि धाकटा सांगत राहिला, हात हलवत, कमालच आहे, कमालच आहे करत, आणि ताई मधे मधे विचारत राहिली, हे आधी कोण म्हणालं, तेव्हा तू काय घातलं होतंस, मूर्खा, असं कुणी सांगतं का, आणि तिचे गाल तापले होते, आणि किती तरी वेळ तिच्या लक्षातच आलं नाही की ही मालिका नव्हे. ते लक्षात आलं ते सगळ्यात शेवटी. समुद्राकाठच्या एका गावात नवा तलाव बांधला होता, तिथे त्या बाईला मुख्य शिक्षिकेची नोकरी मिळाली होती. पुढच्या महिन्यात. तोही जाणार होता. लिफ्ट काय, सगळीकडे बिघडतात. लग्न तिकडेच करायचं होतं, पण आधी ताईला सांगायचं होतं, आणि दर रविवारी सांगायचंच म्हणून तो निघायचा.

"रविवार," तो म्हणाला आणि थांबला. "रविवारचंच जरा..."

"मला काय धाड भरलीय?" ताई म्हणाली. "जा, घेऊन ये तिला. आत्ता. बघू तरी."

"आत्ता?"

"मग काय पत्रिका छापू? जा."

तो बूट घालताना लहान मुलासारखा एका पायावर नाचत होता. दारातून म्हणाला, "शेवट आता लावू नकोस गं. काय उरलंय बघण्यासारखं? तू सांगितलास तसाच तर आहे." आणि धडधडत जिना उतरून गेला.

ताई खोलीच्या मधोमध उभी राहिली. पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हे, की मी जिंकले. उभ्या जन्मात पहिल्यांदा माझा शेवट जुळला! ती मोठ्यानं हसली. मग तिला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन, आणि रडता रडताच तिचा हात रिमोटकडे गेला. नियम मोडतोय, हे तिला कळत होतं. पण तो त्यानं आधी मोडला होता, आणि आपला जिंकलेला शेवट डोळ्यांनी बघू नये एवढी साधू ती नव्हती. तिनं डोळे पुसले आणि शेवटचा भाग लावला.

सकाळ होती. पावतीवाली आधीच येऊन बसली होती. ताईनं उशी छातीशी धरली. छत्री आली, चष्मा आला, मांजराची टोपली नव्हती, पण पोपटाचा पिंजरा होता, आत पोपट नव्हता, आणि ताई एकटीच ओरडली, "बघ! बघ!" संध्याकाळ झाली. हेडक्लार्क उठला. त्यानं बॅग उचलली. दारापर्यंत गेला. आणि टेबलावरचा फोन वाजला.

तो थांबला. वळला. परत आला, फोन घेतला, बॅग खाली ठेवली आणि बसला. पावतीवालीनं मान वर न करता त्याच्याकडे पेन सरकवलं. मागे कुठेतरी बसलेले अदृश्य प्रेक्षक हसले, टाळ्या वाजल्या, अक्षरं वर सरकायला लागली.

तिचा शेवट. पेनासकट तिचा. आठवडेच्या आठवडे मेणावर कोरलेला, आणि अगदी तोंडाशी आल्यावर तिनंच गिळून टाकलेला. आणि धाकट्यानं, जन्मभर बरोबर शेवट सांगणाऱ्या धाकट्यानं, तिच्या डोळ्याला डोळा भिडवून धादांत खोटं सांगितलं होतं. ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. लुच्चा! तिनं दार उघडं ठेवलेलं दिसलं आणि हा त्यातून निसटला. की तिनं ते उघडं ठेवलंय हे ओळखून, त्या उघड्या दाराला खरं करून गेला? तिनं शेवटची दोन मिनिटं मागे नेऊन पुन्हा लावली. या खेपेला ती हेडक्लार्कच्या खांद्यांकडे बघत होती. फोन वाजतो आणि ते खांदे पडतात, इतकेसे, नटाला स्वतःलाही कळले नसतील. तो हसतो, पण वरचा ओठ दातांवरून नीट उचलला जात नाही. आणि पावतीवाली? तिला किती आनंद झालाय! मान वर न करता केवढी खूश आहे ती, पेन सरकवणारी ती दोन बोटं केवढी निर्धास्त! हाच शेवट मनात बघून ताईचे डोळे भरून यायचे. आता तो समोर, उजेडात, खऱ्या माणसांच्या तोंडांवर बघताना तिला गुदमरल्यासारखं झालं, आणि तिनं उठून खिडकी उघडली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. नळीच्या पाण्यात मुलं नाचत होती. गार वारा तोंडावर आला तेव्हा तिचे गाल अजून गरम होते, आणि छाती अशी उडत होती जशी एखादी मालिका नुसती चांगली नव्हे, फार चांगली निघाल्यावर उडते. तिला कुणाशी तरी भांडायचं होतं या शेवटाबद्दल. आत्ताच्या आत्ता.

जिन्यावर पावलं वाजली, दोन माणसांची. बेल वाजायच्या आधीच ताईनं दार उघडलं. पुढे ती होती. रुंद खांदे, आखूड कापलेले ओलसर केस, समोरच्या एका दाताचा कोपरा उडालेला, आणि जिने चढून आल्यामुळे लागलेली धाप. नमस्कार नाही, काही नाही; वाटभर बोलत आली असावी, ते तसंच पुढे चालू राहिलं.

"ताई, आधी हे सांगा, तुम्ही बघितलात का शेवट? हा म्हणतो बघू नका म्हणून सांगून आलोय, पण मला नाही खरं वाटत, एवढं कुणाला धरवतं का? मला तर अजिबात पटला नाही! फोन काय वाजतो, तो परत काय येतो, येऊन बसतो काय! मी किती भांडले याच्याशी, विचारा."

तिच्या खांद्यामागे धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ताईनं त्याच्याकडे पाहिलं, अगदी क्षणभर. मग तिनं त्या बाईचा हात धरून तिला आत घेतलं.

"मलाही नाही पटला," ती म्हणाली. "त्याला जाऊ द्यायला हवं होतं."